पंधराचा डबा

तय्यब चाचांना लग्नाचं आवतण द्यायचं, तर मांडवातले नळ आधी तपासून घ्यावेत, असं त्यांच्या नात्यात हसून म्हणत. त्याला कारणही तसंच घडलं होतं. देगलूरला त्यांच्या साडूच्या मुलीचा निकाह होता. आत काझीसाहेब खुत्बा पढत होते आणि हे मांडवामागच्या पाण्याच्या टाकीखाली उकिडवे बसून, नव्या शेरवानीच्या बाह्या कोपरापर्यंत सारून, गळका नळ आवळत होते. नळ थांबला तेव्हाच उठले. तोवर पहिल्या दोन पंगती उठल्या होत्या आणि बिर्याणीच्या डेगेत तळाची खरवड तेवढी राहिली होती. बायको गौसिया सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली, “क्या जी, शादी को आए के नल देखने को आए?” चाचा ओशाळं हसले आणि दालच्याबरोबर खरवड खाल्ली. नळ पुन्हा गळत नाही ना, हे मात्र निघताना पाहून आले.

हे तय्यब चाचा लातूरच्या एमआयडीसीतल्या एका सोयाबीन तेलाच्या मिलमध्ये फिटर. वय चव्वेचाळीस, पण दाढी लवकर पिकल्यामुळे अख्ख्या मिलचे चाचा. खिशात कायम एक पाना, सुताचा गुंडा आणि सायकलच्या ट्यूबचे दोन-चार तुकडे. चालता चालता वाटेतल्या प्रत्येक पाइपावर पंजा ठेवायचे. आतलं पाणी वाहतंय की उभं आहे, हे त्यांच्या तळहाताला कळायचं. कुणी नळ सोडून निघालं की मागून जाऊन बंद करायचे. बोलायचे काही नाहीत. कँटीनमधली पोरं चिडवायची, “चाचा, पानी काय तुमच्या सासऱ्याचं हाय का?” चाचा म्हणायचे, “माझं न्हाई, म्हनूनच.” हे उत्तर पोरांच्या डोक्यावरून जायचं आणि ती आणखी हसायची.

ही सवय त्यांना एका दुपारी लागली होती. लावणाऱ्या माणसानं त्यासाठी भिंतीवर काही लिहिलं नव्हतं.

त्र्याण्णव सालची गोष्ट. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. लातूर शहरात भांडी पडली, भिंतींना तडे गेले. औशा-निलंग्याकडं मात्र गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. तय्यब तेव्हा एकवीस वर्षांचा. करडईच्या तेलाची छोटी मिल होती, तिथं मोठ्या फिटरच्या हाताखाली काम करायचा. मालक गुरुबसप्पा, सगळे त्यांना अप्पा म्हणत. सकाळी बातमी आली तसा अप्पांनी मिलचा मेन स्विच स्वतःच्या हातानं खाली ओढला. दिवाणजी म्हणाले, “अप्पा, घाण्यात माल हाय. खराब व्हईल.” अप्पा म्हणाले, “होऊ द्या.” दोन ट्रक, चोवीस माणसं, पत्रे, दोर, पहारी आणि पाण्याचा एक टँकर घेऊन ते औशाच्या पलीकडच्या एका गावात गेले आणि बारा दिवस तिथंच राहिले. तेवढे दिवस मिल बंद. सीएसआर हा शब्द तेव्हा लातुरात कुणी ऐकला नव्हता. अप्पांच्या कानावर पडला असता, तर त्यांना ते एखाद्या खताचं नाव वाटलं असतं. पेपरचा फोटोवाला आला की अप्पा आधी त्याच्या हातात घमेलं द्यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तय्यब टँकरपाशी आला. हात मातीनं आणि मातीखाली जे सापडत होतं त्यानं माखलेले. त्यानं नळ पुरा सोडला आणि हात धूत राहिला. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिला. नाकातला वास जाईना, म्हणून थांबता येईना. शेजारी एक बाई रिकामी घागर घेऊन उभी होती. शरणम्मा तिचं नाव. तिच्या घरातली तीन माणसं आदल्या दिवशी मिलच्या माणसांनीच ढिगाऱ्यातून मेलेली बाहेर काढली होती. ती मातीत मुरणाऱ्या पाण्याकडं नुसती बघत होती. तेवढ्यात अप्पा आले. वाकून नळ बंद केला, तय्यबचे ओले हात स्वतःच्या धोतराच्या सोग्याला पुसले आणि म्हणाले, “पोरा, हे पानी आपलं न्हाई. आपुन आणलं म्हनून ते आपलं व्हत न्हाई.” मग शरणम्माची घागर नळाखाली लावली आणि तय्यबलाच भरायला सांगितली.

एवढंच. कुणी रागावलं नाही, शिकवलं नाही. पण त्या दिवसापासून वाहता नळ दिसला की तय्यबचा हात आपोआप तिकडं जायचा, तो आजतागायत.

तेवीस वर्षं गेली. करडईच्या जागी सोयाबीन आलं, घाण्याच्या जागी चार मजली प्लांट उभा राहिला. अप्पा थकून घरी बसले आणि कारभार त्यांच्या नातवाकडं, आलोककडं आला. आलोकसाहेब पुण्याहून शिकून आलेले, वागायला सरळ. कंपनीनं समाजासाठी काही केलंच पाहिजे, असा कायदा आला तेव्हा त्यांनी त्यासाठी वेगळा विभाग काढला आणि मालविकाताईंना नेमलं. ही लातूरच्याच एका मास्तरांची मुलगी. मनापासून काम करणारी, उन्हातान्हात गावं फिरणारी. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

दोन हजार सोळाचा तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. नळाला पाणी येऊन महिना-महिना व्हायचा. घागरींच्या रांगा आणि घागरींवरून मारामाऱ्या. रेल्वेनं पाणी आणावं लागलं. चाचांच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर मजला चढवून होस्टेल झालं होतं. नांदेड, बीड, परभणीची पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला येऊन राहायची. त्या होस्टेलांच्या दारात निळे ड्रम आणि ड्रमांना कुलपं. काही क्लासवाल्यांनी पोरांना चार दिवस घरी जाऊन या म्हणून सांगितलं होतं.

अशा वेळी मालविकाताईंनी मोहीम आखली. भूकंपात अप्पा ज्या गावाला धावून गेले होते, ते आता पुनर्वसन होऊन नव्या जागी वसलं होतं. त्या गावाला कंपनीच्या बोअरचं पाणी, रोज दहा हजार लिटरचा एक टँकर. टँकरवर हिरवा फलक. मिलमध्ये जागोजागी पाणी वाचवण्याचे बोर्ड. दर सोमवारी सकाळी गेटवर सगळ्यांनी हात पुढं करून शपथ घ्यायची आणि छातीवर ‘जलमित्र’ असा बिल्ला लावायचा.

आता गंमत बघा. शपथ झाली की पोरं तशीच कँटीनच्या नळावर जायची आणि खळाखळा तोंड धुवायची. पूर्वी निदान कुणाला तरी लाज वाटायची. आता तीही वाटेना. एक जण तर चाचांना म्हणाला, “चाचा, आपली कंपनी रोज एक टँकर दान करती. आपुन चार मग सांडले तर कुठं बिघडतंय?” पुण्य टँकरनं गेटबाहेर जातंय म्हटल्यावर गेटच्या आत हात सैल सोडायला हरकत नाही, असा हिशोब सगळ्यांच्या मनात आपोआप बसला होता. पोरांना तरी का बोल लावायचा? मिलच्या मागच्या बाजूला जे चाललं होतं, ते त्यांना रोज दिसतच होतं.

मागच्या बाजूला कूलिंग टॉवर होता, प्लांटचं गरम पाणी गार करणारा. त्याच्या हौदातला बॉलकॉक मार्चमध्ये मोडला होता. हौद भरला तरी पाणी यायचं थांबायचं नाही. काठावरून सांडून मागच्या नाल्यात जायचं. रात्रंदिवस. चाचांच्या पाळीत ते तासातासाला जाऊन वरचा व्हॉल्व्ह हातानं कमी-जास्त करायचे, तरी धार तेवढीच राहायची.  नुसता बॉलकॉक बदलून भागत नव्हतं, खालचा पाइप सडला होता. त्यासाठी प्लांट थांबवणं भाग होतं. चाचांनी रजिस्टरमध्ये लिहिलं. पुन्हा लिहिलं. मेंटेनन्सचे इंजिनियर यज्ञेशसाहेब म्हणायचे, “चाचा, पेंडीची ऑर्डर आहे, बंदरावर जहाज उभं आहे. मी आत्ता प्लांट बंद करा म्हटलं तर मलाच घरी पाठवतील. पावसाळ्यात बघू.” तेही खोटं नव्हतं. टँकरला फलक होता, फोटो होते. मोडक्या बॉलकॉकला कोण फुलांचा हार घालणार?

मग एके दिवशी चाचांनी पंधराचा डबा घेतला. तेलाच्या मिलमध्ये वाढलेल्या माणसाला माप म्हटलं की पंधराचा पत्र्याचा डबाच आठवतो. सांडणाऱ्या धारेखाली तो धरला आणि मोबाइलवर वेळ लावली. डबा भरायला बरोबर दोन मिनिटं लागली. चाचांना शंका आली, म्हणून तीनदा भरला. तीनदाही दोनच मिनिटं.

संध्याकाळी घरी त्यांनी मुलीला, मनतशाला विचारलं. मनतशा अकरावी संपवून बारावीत निघालेली, मेडिकलची तयारी करणारी. ज्या क्लासला शहरातले डॉक्टर-वकील आपली पोरं घालतात, त्या क्लासला ती कंपनीच्या शिष्यवृत्तीवर जायची. कामगारांच्या हुशार मुलांसाठी मालविकाताईंनीच ती सुरू केली होती. पहिलं वर्ष झालं होतं. दुसऱ्या वर्षाचं पत्र जूनमध्ये यायचं होतं. ते आलं नाही, तर फिटरच्या पगारात त्या क्लासची पायरी चढणं शक्य नाही, हे घरात तिघांनाही माहीत होतं.

मनतशानं वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. “दोन मिनिटाला पंधरा लिटर. तासाला साडेचारशे. दिवसाला दहा हजार आठशे.” तिनं पेन खाली ठेवलं. “अब्बू, हा तर पुरा एक टँकर झाला. पुढच्या गेटमधून जेवढं देतात, तेवढंच मागून सांडतं.”

“हाव,” चाचा म्हणाले. त्यांना ते हातानं आधीच कळलं होतं, आकड्यात आज कळलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मालविकाताई हसत हसत पंपहाउसमध्ये आल्या. मुंबईहून पुरस्काराची समिती येणार होती, कंपनीचं पाण्याचं काम बघायला. त्या गावात कार्यक्रम ठेवला होता. “चाचा, यंदाचे उत्कृष्ट जलमित्र तुम्ही! स्टेजवर शाल देणार आहोत. आणि मनतशा शिष्यवृत्तीबद्दल दोन शब्द बोलेल. मी लिहून देते.” चाचांनी तोंड उघडलं, पण ताईंचा आनंदानं फुललेला चेहरा बघून त्यांना बोलवेना. “ताई, तो मागचा हौद...” एवढंच म्हणाले. “यज्ञेशसरांना सांगते हं,” म्हणून त्या पुढच्या कामाला पळाल्या.

घरी गौसियानं ऐकलं आणि सरळ सांगितलं, “शाल घ्या, सलाम करा, खाली उतरा. तोंड उघडू नका. पोरीचं एक वर्ष राह्यलंय.” तिचं काय चुकलं? आई होती ती.

चाचांना झोप लागेना. रविवारी सायकल काढून ते अप्पांच्या घरी गेले. अप्पा त्र्याऐंशीचे झाले होते. व्हरांड्यात खुर्चीत बसलेले, मांडीवर शाल, कपाळावर विभूती. ओळखायला जरा वेळ लागला. मग, “तय्यब का रं? ये, बस,” म्हणाले.

चाचांनी विचारलं, “अप्पा, तुम्हाला आठवतंय का? भूकंपात मी टँकरच्या नळावर हात धूत होतो. तुम्ही म्हनलात, हे पानी आपलं न्हाई, आपुन आणलं म्हनून आपलं व्हत न्हाई.”

अप्पांनी बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं. “न्हाई रं. मला काई याद न्हाई.”

 ज्या एका वाक्यावर माणूस तेवीस वर्षं चालला, ते बोलणाऱ्यालाच आठवू नये! पण अप्पा पुढं म्हणाले, “पर तसं म्हनलो असन, तर चांगलं म्हनलो की. त्याचं आता काय?”

चाचांनी हौदाचं सगळं सांगितलं. प्लांट थांबवावा लागेल, ऑर्डर आहे, हेही सांगितलं.

“त्या टायमाला मिल बंद केली व्हती का?”

“केली व्हती. बारा दिवस.”

“मग?” अप्पा म्हणाले. थोड्या वेळानं डुलकी लागली त्यांना. चाचा सायकल घेऊन परत आले. उत्तर मिळालं होतं. पण मनतशाचं पत्र काही अप्पांच्या सहीनं निघणार नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी गावात मांडव पडला. समितीचे तिघे पाहुणे, आलोकसाहेब, यज्ञेशसाहेब, मिलचे पन्नासेक कामगार बिल्ले लावून. गावचे लोक समोर सतरंजीवर, बाया एका बाजूला. पुढच्या रांगेत शरणम्मा बसली होती. केस पांढरे झाले होते, पण चाचांनी तिला लगेच ओळखलं. गावात टँकर आला की पाणी वाटायचं काम तिच्याकडंच होतं. मांडवाबाहेर टँकर उभा होता आणि त्याच्या नळातून थेंब थेंब गळत होतं. कुणीतरी खाली घमेलं ठेवलं होतं. चाचांचा जीव अर्धा तिकडंच.

नाव पुकारलं. चाचा स्टेजवर गेले. शाल अंगावर पडली, फोटो निघाले, मालविकाताईंनी माइक पुढं केला. समोर शरणम्मा, तिच्या मागं गौसिया, गौसियाचे हात जोडलेले. चाचांनी माइककडं पाहिलं.  “शुक्रिया,” म्हणाले आणि खाली येऊन बसले. टाळ्या झाल्या. त्यांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती शाल मेच्या उन्हात अंगावर नको नको झाली होती, काढता येईना. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी डोळ्यांदेखत नळ वाहता सोडला होता.

मग मनतशाचं नाव पुकारलं.

तिच्या हातात मालविकाताईंनी लिहून दिलेला कागद होता. पहिल्या चार ओळी तिनं नीट वाचल्या. कंपनीचे आभार, साहेबांचे आभार. मग तिनं अब्बूंकडं बघितलं, कागदाची घडी घातली. चाचांना कळलं. ते मान हलवून नको नको म्हणत होते, पण ती आता त्यांच्याकडं बघत नव्हती.

“या शिष्यवृत्तीमुळं मला चांगल्या क्लासला जाता आलं,” ती म्हणाली. “तिथं शिकले म्हणून मला अब्बूंनी घातलेलं एक गणित सोडवता आलं. ते सांगते. आमच्या मिलच्या मागं एक हौद भरून वाहतो. दोन मिनिटांत पंधराचा एक डबा भरतो. दिवसाला होतात दहा हजार आठशे लिटर. म्हणजे हा जो टँकर बाहेर उभा आहे, तेवढाच अजून एक टँकर रोज नाल्यात जातो. तो थांबवायला मिल फक्त काही तास बंद ठेवावी लागेल. जलमित्र अब्बू नाहीत. ज्या दिवशी तो हौद थांबेल, त्या दिवशी आम्ही सगळेच होऊ.” 

 यज्ञेशसाहेब बुटांकडं बघत होते. शरणम्मा जागेवर उठली. तिनं रागानं नाही, खरंच माहिती हवी म्हणून विचारलं, “म्हंजी, बाई, त्यात आजून एक टँकर भरला आसता?”

“हो,” मनतशा म्हणाली.

“आमच्या खालच्या वस्तीला दिसाआड पानी मिळतंय. रोज मिळालं आसतं की मग.” एवढं बोलून ती खाली बसली.

आलोकसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. कार्यक्रम कसाबसा उरकला. परतताना गाडीपाशी ते चाचांना म्हणाले, “चाचा, हे माझ्या केबिनमध्ये येऊन सांगता आलं नसतं?”

“साहेब, रजिस्टरमध्ये सतरा वेळा लिवलंय.”

“रजिस्टर माझ्यापर्यंत येत नाही.”

 शेजारी उभ्या मालविकाताई हळूच म्हणाल्या, “फोटो येतात, सर. ते मी पाठवते.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आलोकसाहेब गाडीत बसले.

त्या दिवशी घरी कुणी जेवलं नाही. गौसिया पोरीला एक शब्द बोलली नाही, चाचांना मात्र पुष्कळ बोलली. चाचांनी ते सगळं ऐकून घेतलं. बोलायचं ते त्यांनी पोरीवर टाकलं होतं, याची लाज त्यांना त्या बोलण्याहून जास्त टोचत होती.

गुरुवारी सकाळी आठ वाजता आलोकसाहेब पॅनेलरूममध्ये आले आणि प्लांट बंद करा म्हणाले. यज्ञेशसाहेबांनी जहाजाची आठवण केली. आलोकसाहेब म्हणाले, “थांबेल. नाही तर जाईल.” हळूहळू एकेक मोटार गप्प झाली. मिलमध्ये असा सन्नाटा कुणी कधी ऐकला नव्हता. पोरं माना वर करून बघत होती: पाण्यासाठी मिल बंद केली? सहा तास? चाचा आणि दोन हेल्पर हौदात उतरले, सडका पाइप कापला, नवा बसवला, नवा बॉलकॉक लावला. दुपारी दोनला प्लांट सुरू झाला. हौद काठोकाठ भरला आणि थांबला. चाचांनी पाइपावर पंजा ठेवला. पाणी उभं होतं.

त्याच आठवड्यात कँटीनमध्ये चाचांनी एक गोष्ट पाहिली. सासऱ्यावरून चिडवणाऱ्या पोरांपैकीच एक जण हात धुऊन निघाला होता. शेजारचा कुणी नळ तसाच सोडून गेला, तर यानं मागं वळून तो बंद केला. त्याच्या छातीवर बिल्ला नव्हता. सोमवारची शपथ मालविकाताईंनी आपण होऊन बंद केली होती. त्याऐवजी त्या दर सोमवारी चाचांबरोबर सगळ्या लाइनी फिरायच्या आणि गळती लिहिलेलं रजिस्टर थेट आलोकसाहेबांच्या टेबलावर ठेवायच्या. पुरस्कार दुसऱ्याच कुठल्या कंपनीला गेला. वाचलेल्या पाण्यातून गावाला दोन टँकर जाऊ लागले. दुसऱ्यावर फलक लावायला कुणाला सुचलं नाही.

अप्पांना चाचांनी फोनवर सांगितलं. “किती येळ बंद ठिवली?” अप्पांनी विचारलं. “सहा तास.” “हां,” अप्पा म्हणाले, “सुरवात म्हनून ठीक हाय.”

पण जून लागला आणि शिष्यवृत्तीची पत्रं वाटली गेली. बॉयलरवाल्याच्या मुलाला मिळालं, वॉचमनच्या मुलीला मिळालं. मनतशाचं आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मनतशा जुन्या नोट्स काढून घरीच वाचू लागली, क्लासचं नावही काढेना. चाचा रोज गेटवर विचारायचे आणि रोज मान खाली घालून घरी यायचे. पोरीनं आपल्यासाठी स्वतःचं नुकसान करून घेतलं, हे त्यांच्या मनातून जाईना. एकदा तर त्यांनी शाल घडी करून कपाटातल्या कपड्यांच्या अगदी खाली दडपून टाकली.

तिसऱ्या आठवड्यात मालविकाताई स्कूटीवरून स्वतः घरी आल्या. हातात लिफाफा. “सरांनी हे पत्र स्वतःकडं थांबवून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या, “का ते मला सांगितलं नाही. काल दिलं.” गौसियानं लिफाफा घेतला आणि उघडायला मनतशाच्या हातात दिला. 

शिष्यवृत्ती मिळाली होती, बारावीच्या पूर्ण वर्षाची. छापील मजकुराखाली पेनानं लिहिलं होतं. मनतशानं मोठ्यानं वाचलं:

“चाचा, पत्राला उशीर झाला, कारण मला आधी तुमचं गणित तपासायचं होतं. रजिस्टरमधल्या सतराही नोंदी वाचल्या. काल तसलाच डबा स्वतः पाण्यानं भरून मोजला. तुमचं गणित चुकलं आहे. पंधराचा डबा म्हणजे पंधरा किलो तेल. तेल हलकं, तोच डबा पाण्यानं भरला तर साडेसोळा लिटर बसतं. म्हणजे रोज बारा हजार लिटरच्या आसपास वाया जात होतं, एका टँकरपेक्षा पुष्कळ जास्त. ही चूक आपल्यासारखे तेलवालेच करणार. मनतशाला सांगा, परीक्षेत करू नको.”

“घनता!” मनतशानं कपाळावर हात मारला. “आठवीपासून शिकतेय, आणि डबा बघून विसरले!” ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. गौसियानं तिला जवळ घेतलं आणि मालविकाताईंसाठी चहा ठेवायला उठायचं विसरली.

चाचा एकटेच हसले नाहीत. भिंतीला टेकून ते तोंडातल्या तोंडात आकडे जुळवत होते. मग उठले, चपला घातल्या, खिशात पाना आहे का ते चाचपलं.

“कुठं निघालात आता?” गौसियानं विचारलं.

“टँकर सुटायचा टाइम झाला. गावाला जातो. शरणम्माला आपुन कमी सांगितलं.”